वाईट दिवसाची गाडी

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत नवीन मराठी माणूस आला की आधी भाड्याचं घर शोधतो आणि मग चारूदादाला फोन करतो, गाडी कोणती घेऊ म्हणून. मीही हा प्रश्न घेऊन त्याच्याकडे गेलो होतो, आणि उत्तर ऐकून तणतणत घरी परतलो होतो.

चारुदत्त मूळचा पुण्याचा. मेकॅनिकल इंजिनीअर. इथल्या सोन्याच्या खाणीत घराएवढाल्या ट्रकांच्या देखभालीत त्याने बावीस वर्षं काढली आहेत. गाडी धुण्यापासून विकण्यापर्यंत कशावरही त्याचं मत नाही असं होत नाही. कुणासाठी जुनी गाडी बघायला जायचं असलं की विकणाऱ्याला तो आधी बजावतो, मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. गरम इंजिन सगळे आजार लपवतं. गेल्या गेल्या ताप बघावा तसा बॉनेटवर हात ठेवतो आणि कोमट लागलं तर चहाही न घेता परत फिरतो. मी इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, पण पेशंटचं इतकं बारकाईने मी कधी बघितलं असेल असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

त्याच्याकडे एक मोटरसायकलही आहे, कॉलेजात असताना घेतलेली आणि पुढे पुण्याहून जहाजाने मागवलेली. तेवढ्या खर्चात इथे दोन आल्या असत्या, हे तो स्वतःच सांगतो. "मोटरसायकलला हिशोब विचारायचा नाही, डॉक्टर. तो छंद आहे. हिशोब विचारायचा गाडीला." त्या हिशोबाचा त्याचा एक नियम गावभर ठाऊक आहे: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, की तिच्या गळ्यात पडून रडू नये, भंगारात द्यावी. हे ऐकून किती जणांची तोंडं उतरली असतील याची गणती नाही.

मी गेलो तेव्हा माझी बायको मयूरा सहा महिन्यांची गरोदर होती. बाळंतपण जरा जोखमीचं होतं म्हणून ते पर्थला ठरलं होतं, आणि शेवटचे दोन महिने ती तिथे बहिणीकडे राहणार होती. पर्थ इथून सहाशे किलोमीटर. मला एक युरोपियन एसयूव्ही मनापासून आवडली होती. मी फोटो दाखवले.

"हिचे पार्ट कुठून येतात?" चारूदादाने विचारलं.

"पर्थहून. नाहीतर मेलबर्नहून."

"मग डीलर सांगतो ती किंमत खरी नाही. तू रस्त्याकडेला किती दिवस उभा राहशील, ती धर. आणि गाडी रोजच्यासाठी घ्यायची नसते, डॉक्टर. रोज कुठलीही चालते. सगळ्यात वाईट दिवसासाठी घे."

त्याची स्वतःची गाडी म्हणजे चोवीस वर्षांची जपानी स्टेशन वॅगन. चार लाख किलोमीटर झालेली, रंग उडालेली, पुढे जनावराची धडक झेलायला लोखंडी बुलबार. आणि हा मला शहाणपण शिकवणार! मी रागारागात एसयूव्हीच घेतली; ती हातात यायला दोन महिने लागले, तोवर मयूरा पर्थला गेली होती. तो पेढे खायला आला, सीट खरंच छान आहेत म्हणाला, मागचं दार उघडून स्टेपनी शोधली. स्टेपनी नव्हती, पंक्चरसाठी फेसाची एक बाटली होती. त्याने दार हळूच लावलं आणि दुसरा पेढा उचलला.

पूजा आईने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगितली. चाकांखाली लिंबं, नारळ, आणि काचेवर अगदी वर मधोमध कुंकवाचा टिळा. "तेलात कालव, म्हणजे टिकेल," आई म्हणाली. टिकला.

दुसऱ्या दिवसापासून गाडी कुरकुरायला लागली. पिवळे दिवे, पूं पूं आवाज, आपोआप लागणारा ब्रेक बंद असल्याची सूचना. डीलर म्हणाला पर्थला आणा, तीन आठवड्यांनंतरची तारीख देतो. मी चारूदादाला काही बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार होतो?

आणि जुलैतल्या एका दुपारी मयूराचा फोन आला. तारखेच्या तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. विमानात जागा नव्हती. गाडीत बसलो तर ते पिवळे दिवे लागलेलेच. मी शेवटी चारूदादालाच फोन लावला.

दहा मिनिटांत तो आला. दिवे बघितले, काचेकडे बघितलं, आणि खिशातून फडकं काढलं.

"इथे आत कॅमेरा असतो, डॉक्टर. तू गाडीच्या डोळ्यावरच कुंकू थापलंयस."

त्याने टिळा पुसला, गाडी चालू-बंद केली. एकेक दिवा विझला. हसायची याहून चांगली संधी त्याला जन्मात मिळाली नसती, पण तो हसला नाही. "गाडीचा दोष नाही, मेट. चांगली गाडी आहे," एवढंच म्हणाला. मग वॅगनची किल्ली माझ्या हातात ठेवली. ती किल्ली त्याने आजवर कुणाला दिली नव्हती.

"अरे, आता तर ही ठीक झाली ना?"

"गाडी ठीक झाली. अर्ध्या वाटेवर, मेरेडिनच्या पुढे, तुला अंधारायला लागेल, कांगारू रस्त्यावर येतात. बुलबार आहे, दोन स्टेपन्या आहेत. जा. फुकट बोलू नकोस."

मेरेडिनच्या पुढे, सूर्य मावळता मावळता, कांगारू आलाच. ब्रेक दाबेपर्यंत उशीर झाला होता. बुलबार वाकला, एक दिवा फुटला, मडगार्ड चेपलं आणि बॉनेट उचकटलं. मी खाली उतरून बॉनेट दोरीने बांधलं आणि किल्ली फिरवली. वॅगन पहिल्याच फटक्यात सुरू झाली. मी पोचल्यावर चाळीस मिनिटांनी उर्वी जन्मली.

फोनवर त्याने मयूराची चौकशी केली, बाळाचं वजन विचारलं, मला कुठे लागलं का विचारलं. गाडीबद्दल मीच सांगितलं, सांगताना रडलोही. "नो वरीज रे," तो म्हणाला. विम्यावाल्यांनी वॅगन भंगारात काढायला सांगितली. मी भरपाई देऊ केली तर त्याने विषयच बदलला.

दोन महिन्यांनी आम्ही तिघं परत आलो आणि थेट त्याच्याकडे गेलो. पर्थहून ट्रकवर चढवून त्याने परत मागवलेली वॅगन गॅरेजमध्ये उभी होती, भंगारातून आणलेल्या वेगळ्याच रंगाच्या बॉनेटसह.

"दादा, निम्म्याचा नियम?" मी विचारलं.

"सोळा वर्षांनी हिला एल प्लेट लागेल," उर्वीकडे बघत तो म्हणाला. "तेव्हा गाडी शिकायला काय देशील? तुझी ती, फेसाच्या बाटलीवाली?"

मयूराने कुंकवाची डबी आणली होती. ती काचेकडे वळताच तो घाईने म्हणाला, "इथे लाव, पुढे." बाकी सगळं त्याने ठाकठीक केलं होतं, पण बुलबार सरळ केला नव्हता. त्या वाकलेल्या जागी मयूराने टिळा लावला, आणि उर्वीची इवलीशी मूठ उघडून तिचा तळवा त्या लोखंडावर टेकवला.