विहिरीतलं तळं

माझ्या बायकोच्या मावशींना काल दुपारी आपण काय जेवलो ते आठवत नाही. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नागपूरच्या आसपास कोण कोणाला खात होतं, हे त्या शेजारच्या घरातलं भांडण सांगावं तसं सांगतात. कॉलेजात भूशास्त्र शिकवणं ही त्यांची नोकरी. जुन्या प्राण्यांचे दात, हाडं, शिंपले शोधून त्या काळी इथे रान होतं की पाणी, हे ठरवणं हा त्यांचा खरा संसार. लग्न ठरल्यावर मी त्यांच्या धरमपेठेतल्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी दार उघडलं ते जिभेला एक तपकिरी खडा चिकटवूनच. तो काढून शांतपणे म्हणाल्या, “हाड आहे. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. बसा ना.” बसणार कुठे? सोफ्यावर मगरीचा जबडा वाळत पडला होता. सावजी कोंबडीचं जेवण झालं की मावशी ताटाच्या कडेला हाडं मांडून अख्खी कोंबडी उभी करतात आणि पंगतीला विचारतात, “मान कुणाच्या ताटात गेली?” नवे पाहुणे घाबरतात. मीही घाबरलो होतो.

ही भीती गेली ती नरखेडकडच्या एका उन्हाळ्यात. तिथे त्यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे आमच्या मामांची, संत्र्याची बाग. जुनी विहीर आटली म्हणून मामांनी नवी खणायला घेतली आणि काळ्या खडकाखाली राखाडी, मऊ थर लागला. मामांनी सहज फोनवर सांगितलं, “बाई, विहिरीत शिंपले निघून राहिले.” तासाभरात मावशी माझ्या गाडीत बसल्या होत्या. दगड-माती उपसायच्या यारीच्या बादलीत उभ्या राहून त्या खाली गेल्या, आणि वर आल्या त्या डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत धूळ घेऊन.

“काम थांबव गा,” त्या मामांना म्हणाल्या.

“काहून वं बाई? उद्या सुरुंग लावून राहिलो मी. तुले मेलेली जनावरं दिसतात, माही वाळलेली झाडं दिसत नाहीत काय?”

मावशींनी वाद घातला नाही. “चाल माह्यासंगं खाली,” एवढंच म्हणाल्या. मीही पाठोपाठ उतरलो. खाली गारवा होता. मावशींनी बॅटरीच्या उजेडात एकेक दाखवलं: माशाचे खवले, मगरीचा दात, नखाएवढा बेडकाचा जबडा. “इथं तळं होतं. याच्या खाली पेटलेला लाव्हारस गोठला होता. मंग आग थांबली, पाणी साचलं, हे सारे राहाले आले. मंग वरून पुन्हा आग आली.” मी मान वर केली. डोक्यावरचा तो सगळा काळा खडक म्हणजे ती दुसरी आग.

मामांनी थरावरून हात फिरवला. “अन् हे सारे?”

“गेले.”

मामा म्हणाले, “घे तुले किती दिवस पाहिजे ते.”

मावशी दिवसभर खाली माती पोत्यांत भरत, आणि उन्हं उतरली की शेजारच्या विहिरीवरून पाइप ओढून स्वतः झाडांना पाणी घालत. तरी बांधाकडच्या दोन ओळी वाळल्याच. मामा त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. मावशींना मात्र तिकडे बघवत नसे. सुरुंग उडाला त्या दिवशी त्या विहिरीकडे पाठ करून उभ्या होत्या. पाणी लागलं. पोरं नाचली. तो थर आता मावशींच्या पोत्यांतच काय तो उरला.

मावशी आता निवृत्त आहेत. गुडघे बोलतात, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. तरी त्या पोत्यांतली माती चाळून, सुईने कण न् कण वेगळा करत बसतात. परवा मी विचारलं, “मावशी, हे कधी संपायचं?”

“हे नाही संपत. मी संपेन. मग कुणीतरी पुढचं पोतं उघडेल,” असं म्हणून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. खाली तिळाहूनही लहान दातांची एक ओळ होती, नीट, एकही न हललेली. किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. काही विचारावं म्हणून मान वर केली, तर मावशींना खुर्चीतच डोळा लागला होता, सुई बोटांत तशीच. मी ती हळूच काढून घेतली आणि शेजारी बसून राहिलो.