आत्यानं माझ्याविरुद्ध लावलेली शर्त

माझ्या आत्याला कबड्डीवर शर्त लावायचा नाद होता. आमच्या नाचणगावच्या घरी ही गोष्ट हळू आवाजात बोलली जायची. आत्या रोहण्याला अंगणवाडी सेविका होती, आणि लेकरांना बडबडगीतं शिकवणाऱ्या बाईनं चौकात उभं राहून शर्ती लावाव्यात हे माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला, मुळीच पटत नसे. तरी तिचा नवरा वारला आणि घरात ती एकटी उरली, तेव्हा वडिलांनी तिला सोबत म्हणून मलाच पाठवलं. मी तेव्हा आठवीत होते. एक पेटी, शाळेचा दाखला आणि "तिचं ऐकजो, पण तिच्यासारखी करू नको" एवढी ताकीद घेऊन मी रोहण्याला एसटीतून उतरले.

आत्याची शर्त पैशाची नसायची. चौकात किराणा दुकान चालवणारे शेठजी हे तिचे कायमचे प्रतिस्पर्धी. ती हरली तर त्यांना लिंबाच्या लोणच्याची बरणी, ते हरले तर अंगणवाडीतल्या लेकरांसाठी गुळाची भेली. कापसाचा शेवटचा वेचा आटोपला की गावात तीन दिवस कबड्डीचे सामने भरत. आजूबाजूच्या गावांतले संघ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येत. मैदानाभोवती दोर बांधलेला असे, आणि बायांच्या बाजूला सगळ्यात पुढे, दोराला हात लावून, आत्या उभी असे.

ती बहुतेक वेळा जिंकायची. कशी, ते मला पहिल्याच वर्षी कळलं. गावच्या संघात एक काटकुळा पोरगा होता. त्याची बनियान खांद्यावरून सारखी घसरायची. शेठजी हसून म्हणाले, "बाई, या काडीवर शर्त लावता? फुंकलं तर उडून जाईन."

"उडन, पण पडन नाई," आत्या म्हणाली. "तीन वर्षाचा होता तवापासून पाह्यून राह्यली मी त्याले. ओट्यावरून पडला का रडाच्या आधी उठे. बाकीचे पोट्टे पहिले इकडे-तिकडे पाह्यत, कोणी पाह्यून राह्यलं का म्हणून, मंग रडत."

गावातल्या निम्म्या खेळाडूंना तिनं लहानपणी अंगणवाडीच्या काट्याला लटकवून तोललं होतं. कोण पोटभर खातो, कोण दुसऱ्याच्या ताटातलं ओढतो, कोणाचा श्वास धावताना वाजतो, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी शेवटच्या चढाईत काटकुळ्यावर तीन गडी पडले. सगळ्यांना वाटलं, संपलं. तेवढ्यात त्या ढिगाऱ्याखालून एक हात सरकत आला आणि मध्यरेषेला लागला. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत गुळाची भेली आली आणि शेठजी स्वतः ती फोडायला बसले.

पुढच्या वर्षी एका जीपमधून बाहेरची चार माणसं आली आणि सामन्यांवर रोख पैसे लावू लागली. आत्याची ख्याती त्यांच्या कानावर गेली असावी. एकानं येऊन अगदी अदबीनं विचारलं, "मावशी, कोणावर लावू?" आत्या म्हणाली, "मले कबड्डीतलं काय समजते बापू," आणि तोंड फिरवलं. शेठजी मात्र त्या नादात गेले. किती गमावले ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. पण दोन दिवस दुकानाच्या अर्ध्या फळ्या बंद होत्या. तिसऱ्या दिवशी आत्या दुकानात गेली, पोत्यावर बसली आणि नेहमीसारखा चहा मागितला. शेठजी खाली मान घालून म्हणाले, "बाई, सामना कसा झाला तेही मले आठवत नाई."

"मंग तं लयच महाग पडला," आत्या म्हणाली. शेठजींनी पुन्हा कधी रोख शर्त लावली नाही.

त्याच वर्षी आमच्या शाळेत मुलींचा संघ निघाला. गावातल्या बुद्धविहाराच्या अंगणात आम्ही सराव करायचो. फरशी नव्हती, माती होती. मी कर्णधार झाले, कारण माझा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि चढाईला जायची मला कधी भीती वाटली नाही. आत्या रोज अंगणवाडी आटोपून यायची, पायरीवर बसून भाजी निवडायची आणि आमच्याकडे बघत राहायची. एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, ती माझं कौतुकच करते आहे.

पहिला मोठा सामना आर्वीच्या शाळेशी, आमच्याच मैदानावर. सकाळी मी शेठजींच्या दुकानात लिंबू आणायला गेले. शेठजी मोठ्या उत्साहानं म्हणाले, "आज जिंकजो बरं पोरी. मी तुह्यावर लावली आहे."

"आणि आत्यानं?"

शेठजींचा चेहरा पडला. तराजूत उगाच काहीतरी ठेवत ते म्हणाले, "तुले सांगतलं नाई का तिनं? तिनं आर्वीवर लावली."

मी लिंबं तिथंच ठेवून निघाले. त्या सामन्यात मी कशी खेळले ते सांगायलाही लाज वाटते. पहिल्याच चढाईत आत्याला दाखवायचं म्हणून थेट मागच्या रेषेपर्यंत घुसले आणि पकडली गेले. नंतरही तेच. प्रत्येक वेळी दोराकडे, आत्या उभी होती तिकडे, माझं लक्ष जायचं. ती दोराला हात लावून नुसती बघत होती. आम्ही सपाटून हरलो. सामना संपल्यावर आर्वीच्या मुली एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून नाचत होत्या आणि मी नळाखाली तोंड धूत रडत होते.

पाच दिवस मी आत्याशी बोलले नाही. ताट वाढलं की जेवायचं, उठायचं. सहाव्या दिवशी मीच फुटले.

"काऊन लावली तुनं माह्यावर उलटी शर्त?"

आत्या चुलीपुढे भाकर थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "तू हरशीन असं दिसलं म्हणून."

"मी तुही भाची होय!"

"म्हणून का मी डोये मिटून घेऊ?" आता मात्र तिनं माझ्याकडे बघितलं. "तू नेहमी उजव्याच अंगानं जातं. त्यायले दुसऱ्या चढाईत समजलं. अन् तुहा दम लवकर तुटते, लहानपणी तुले न्यूमोनिया झाला होता. चढाई तुह्या कामाची नाई. पण तू कोणाचा पाय धरला का सोडत नाई. दीड महिना पायरीवर बसून मी तेच पाह्यत होती."

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

तिनं भाकर तव्यावर टाकली. "चुकलंच ते. मले वाटलं, तू ऐकणार नाई. हरल्यावर ऐकशीन." आणि मग हळूच म्हणाली, "पण तू रडत होती ना नळापाशी, तवा मले जिंकल्याचं काईच वाटलं नाई."

तिनं जिंकलेल्या त्या भेलीचा गूळ अंगणवाडीत गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून सरावानंतर आमच्या सातही जणींच्या हातावर गूळ आणि मूठभर फुटाणे पडू लागले. भेली संपली, तेव्हा शेठजींनी दुसरी पाठवली. शर्त न लावताच. तिसरीही पाठवली. आत्यानं आपल्या तुटपुंज्या मानधनातून दोन जणींना गुडघ्याचे पट्टे घेतले. त्या दोघींचे गुडघे दर वेळी सोलून निघायचे. मी चढाई सोडली आणि पाय पकडायला कोपऱ्यात उभी राहू लागले. सुरुवातीला फार जड गेलं. कर्णधारानं कोपऱ्यात उभं राहायचं, म्हणजे आपली कुणीतरी जागा घेतल्यासारखं वाटायचं. पण एकदा चढाईला आलेल्या मुलीचा घोटा हातात आला आणि सुटला नाही, तेव्हा हात धरलेल्या बाकीच्या मुलींची साखळी मागून धावून आली, सगळ्या जणी माझ्या अंगावर पडल्या, आणि त्या ढिगाऱ्याखाली मातीत तोंड असताना मी हसत होते.

पुढच्या हंगामात आम्ही जिल्ह्याच्या सामन्यांसाठी वर्ध्याला गेलो. आत्याही आली. नवं लुगडं नेसून, डब्यात भाकरी आणि झुणका बांधून. उपांत्य फेरीत एका गुणानं हरलो. पण त्या सामन्यात मी पाच पकडी केल्या. पाचवीनंतर दोरापलीकडून तिचा आवाज आला. शब्द काहीच नव्हते, नुसती आरोळी. तोवर तिला कधी ओरडताना मी ऐकलं नव्हतं.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. बाकीच्या मुली मागच्या सीटवर गाणी म्हणत होत्या. मी विचारलं, "आत्या, तुले हे एवढं समजते कसं? अंगणवाडीतून?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी खेळत होती ना. नाचणगावले, पोट्ट्यायसंगं. सातवीपर्यंत. मंग माय म्हणे, आता मोठी झाली, बस झालं." एवढंच. पुढे तिनं पदर डोक्यावर ओढला आणि डोळे मिटले.

मला ते खरं वाटेना. दिवाळीत घरी गेले तेव्हा वडिलांना विचारलं. आत्याचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठी यायची, पण त्या दिवशी ते हसायलाच लागले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. नडगीवर बोटभर लांबीचा एक जुना, पांढरा पडलेला व्रण होता.

"हा पाय," ते म्हणाले. "मी चढाईले गेलतो. तिनं पाय धरला तं सोडलाच नाई. साऱ्या पोट्ट्यायसमोर फरफटत नेलं मले." आणि तो व्रण ते कितीतरी वेळ अंगठ्यानं चोळत बसले.