पंकजाची बिनपत्त्याची पत्रं

कल्याणराम छत्तीस वर्षं कुंभकोणममध्ये टेलिफोनचे लाइनमन होते. दारासुरमच्या विणकरांच्या घरांपासून तिरुनीलक्कुडीच्या शेतांपर्यंत कुणाची तार कुठून निघते आणि कुठे पोचते, हे त्यांना तोंडपाठ असायचं. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्यावर विचित्र वेळ आली. त्यांची एकुलती एक मुलगी पंकजा कुठे आहे, हे त्यांना कळू नये यातच तिचं भलं होतं.

पंकजाला चेन्नईला दिली होती. जावई उमेश तिच्यावर हात उचलायचा. ती पहिल्यांदा निघाली ती त्रिचीला मैत्रिणीकडे गेली. तिसऱ्या दिवशी उमेश दारात हजर. दुसऱ्यांदा कोइमतूरच्या वसतिगृहात राहिली. आठवड्यात तो तिथेही पोचला. तिच्या फोनमध्ये त्याने माग काढणारं काहीतरी बसवलं होतं. फोन बदलला, तर ती माहेरी कुठून बोलते ते त्याने हुडकलं. तिसऱ्यांदा ती गेली आणि महिनाभर काहीच कळलं नाही. मग एक दिवस सुष्मिता नावाची वकीलबाई एक जुना लॅपटॉप घेऊन घरी आली.

"पंकजा सुखरूप आहे," ती तमिळमध्ये म्हणाली. "कुठे आहे ते मी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. यातून मात्र तिला पत्र लिहा. ते सरळ जात नाही, तीन अनोळखी संगणकांवरून जातं. पहिल्याला कळतं ते कुठून निघालं, पण कुठे चाललंय ते नाही. शेवटच्याला कळतं ते कुठल्या पेटीत टाकायचं, पण लिहिणारा कोण ते नाही. मधल्याला दोन्ही नाही."

कल्याणरामांनी पडद्यावर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बोट फिरवलं. "म्हणजे तार आहे, पण तिची दोन्ही टोकं एकदम कुणालाच दिसत नाहीत?"

"अगदी तसंच."

"आमच्या खात्यात असल्या तारेला नादुरुस्त म्हटलं असतं," ते म्हणाले. त्यांची बायको सीतालक्ष्मी पदरात तोंड लपवून रडत होती, तीही हसली.

त्या दिवसापासून बुधवार आणि शनिवार हे पत्राचे वार झाले. दुपारची जेवणं झाली की कल्याणराम लॅपटॉप उघडून बसत. पान उघडायला फार वेळ लागे. पंकजा घरची मराठी तमिळ अक्षरांत लिही, तंजावरकडची बरीच मराठी घरं लिहितात तशी. त्या लिपीत 'क' आणि 'ग' एकच, म्हणून ते अडखळत, मोठ्याने वाचत.

"अप्पा, अम्मा, तुम्ही कसे आहां? जेविलां का? मी बरी आहें. एका शाळेत लहान मुलांस शिकवितें."

"कुठल्या गावची शाळा?" सीतालक्ष्मी दर वेळी विचारी.

"लिहिलं नाही."

"तिथे थंडी आहे का, तेवढं तरी?"

तेही नसे. पंकजा पाऊस लिहीत नसे, ऊन लिहीत नसे, देवळाचं नाव लिहीत नसे. मुलांच्या खोड्या लिही, आईच्या हातच्या वाटल्या डाळीची आठवण लिही. सीतालक्ष्मी मग तीच चार वाक्यं पुन्हा वाचायला लावी.

दोन महिन्यांनी उमेश आला आणि सासऱ्यांना विचारू लागला, "मामा, ती कुठे आहे?"

"मला ठाऊक नाही," कल्याणराम म्हणाले. ते खरंच होतं, आणि आवाजातही खरं उतरलं. उमेशने त्यांचा फोन उलटसुलट करून पाहिला आणि तो निघून गेला.

पुढच्या वर्षी, एका शनिवारच्या पत्रात पंकजाने लिहिलं, "काल शाळेत जिलेबी वाटली. इथली जिलेबी खव्याची, काळी असते. तुम्हांस आवडली असती, अप्पा."

कल्याणराम वाचता वाचता थांबले. तरुणपणी ते प्रशिक्षणासाठी चार महिने जबलपूरला होते. पहिल्या पगारात त्यांनी तसलीच काळी जिलेबी खाल्ली होती. गाडीने दीड-दोन दिवसांची वाट. उद्या निघालं तर तेरवा शाळांचे दरवाजे शोधता आले असते.

"का थांबलात?" सीतालक्ष्मीने विचारलं.

"अक्षर लागत नाही," ते म्हणाले आणि ती ओळ गाळून पुढे वाचू लागले.

त्या संध्याकाळी त्यांनी उत्तर लिहिलं: "खाण्यापिण्याचं लिहीत जाऊ नकोस. मला कळलं. मी येणार नाही." ते पाठवलं, मग तिचं पत्र पुसून टाकलं. पुढे आठ दिवस सीतालक्ष्मीच्या नजरेला नजर देणं त्यांना जमलं नाही.

उमेश पुन्हा आला, या वेळी त्याचे काका बरोबर होते. "मला ठाऊक नाही," कल्याणराम म्हणाले. शब्द तेच होते, पण या वेळी बोटं लुंगीची कड चुरगाळत राहिली. काका त्यांच्याकडे टक लावून बघत होते. तेवढ्यात सीतालक्ष्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कडाडली, "ठाऊक असतं तर मी इथे बसले असते का रे? कधीच पोचले असते तिच्याजवळ!" तिच्या आवाजात खोट शोधायला जागा नव्हती. दोघं निघून गेले.

आपला संगणकही इतरांच्या पत्रांना असा वाटेतला टप्पा म्हणून देता येतो, हे कल्याणरामांना सुष्मिताकडून कळलं. त्यांनी तो दिला. दिवसभर लॅपटॉप चालू राही, कुणाकुणाचं बोलणं त्यातून पुढे जाई. कुणाचं ते त्यांना कधी दिसलं नाही. जाता-येता ते त्याच्या पाठीवर हात ठेवून किती तापलाय ते बघत.

तिसऱ्या वर्षी घटस्फोट झाला. उमेशने दुसरीकडे घर मांडलं. पंकजा आठ दिवसांसाठी आली, हडकलेली, केसांत दोन पांढऱ्या बटा. सीतालक्ष्मी तिला हाताने भरवत राहिली. कल्याणराम म्हणाले, "आता इथेच राहा."

"माझी मुलं तिथे आहेत, अप्पा. शाळेतली."

ती परत गेली. आता ती रोज साध्या फोनवरून बोलते, चालता चालता, मागे रिक्षांचे भोंगे वाजत असतात. "जेविलां का?" विचारते, दोन मिनिटांत ठेवते. बुधवारी दुपारी जेवण झालं की सीतालक्ष्मी खुर्ची ओढून नवऱ्याजवळ बसते.

"आज काही लिहिलंय का तिने?"

"सकाळीच तर बोललीस की तिच्याशी."

"बोलले. पण लिहिलंय का?"

कल्याणराम तरीही एकदा लॅपटॉपवरची ती पत्रांची पेटी उघडून बघतात.