डब्यातला माऊथपीस

कोरेगावच्या लग्नात वाजवून झालं, मी डबा उघडला आणि माझं डोकंच फिरलं. ट्रंपेटचा माऊथपीस, म्हणजे फुंकताना ओठाला लावायचा पितळी तुकडा, आत नव्हता. आमच्या बँडची रीतच आहे. कार्यक्रम संपला की फुंकणाऱ्यांनी आपापला माऊथपीस धुऊन या स्टीलच्या डब्यात ठेवायचा. डबा गाडीत गायिकेच्या, म्हणजे माझ्या मांडीवर. ज्यानं आपला डब्यात न ठेवता घरी नेला, तो बँड सोडून चालला असं समजायचं. आधी दोघं असेच गेले होते.

आणि आता आमचे ट्रंपेटवाले मामा! उंब्रजच्या वरातीच्या बँडमधून आलेला हा माणूस नसता, तर या डीजेच्या जमान्यात फंक आणि सोल असलं काहीबाही विलायती संगीत साताऱ्या-सांगलीत ऐकलं असतं कुणी? नवरीकडची माणसं आधी नाकं मुरडायची. मामांनी वरचा सूर ओढला की तीच घाम पुसत नाचायची. ते गेले की आमचा बाजार उठलाच.

मी गुपचूप पाळत ठेवली. मामा आमच्या पंगतीला बसेनात. "उपास हाय गं," म्हणायचे. रोज कसला मेला उपास? वरचे सूर सॅक्सोफोनवाल्याला देऊन टाकायला लागले. मला म्हणाले, "तुझ्या आवाजाला जरा मोकळीक." आहाहा! इतकी वर्षं नव्हती सुचली ती. सांगलीच्या एका बँड पार्टीला ट्रंपेटवाला हवाय हे माझ्या कानावर आलं होतंच. दम तिकडच्यासाठी राखून ठेवत असणार, दुसरं काय!

वडूजच्या जत्रेत, दुपारी वाजवायच्या आधी, मी त्यांना गाडीमागं गाठलं.

"आवं मामा, सरळ सांगा. सांगलीला कवा चाललाय?"

"कोण म्हणतंय?"

"खिशात माऊथपीस हाय का न्हाई?"

त्यांनी तो रुमालातून काढून दाखवला. मग वरचा ओठ उचलून पुढच्या दाताला जिभेनं ढकललं. दात हलला. शेजारचाही हलला.

"दोन्ही काढायचं म्हणतोय डॉक्टर. घरी ओठाच्या कडंनं फुंकून बघत हुतो, जमतंय का. न्हाई जमत, पोरी."

भाकरी तुटत नव्हती, म्हणून उपास.

"मग नवे बसवा की!" मी ओरडलेच.

"बसवतो की. भाकरी चावंल त्यानं. वरच्या सुराला माऊथपीस दातावर दाबावा लागतो, त्यो सूर न्हाई लागायचा."

त्या दुपारी वरचे सूर त्यांनी कुणालाच दिले नाहीत, सगळे स्वतः घेतले. लोक वेड्यासारखे नाचत होते आणि मी शब्द चुकत होते. शेवटी मामांनी नळाखाली माऊथपीस धरला, रक्त धुतलं आणि माझ्या मांडीवरच्या डब्यात तो स्वतःच्या हातानं ठेवला.

"बघ, ठेवला. कुठं गेलो न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी दात काढायचे होते. वडूजपासून उंब्रजपर्यंत मी डबा पोटाशी धरून रडत आले.