सात नंबरच्या मागचा खड्डा

पाण्यापुढे सगळी माणसं समान असतात. पुरानंतर कम्युनिटी हॉलमध्ये झालेल्या सभेत गावच्या कौन्सिलच्या एका सदस्यांनी हे वाक्य उच्चारलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. आमच्या गल्लीत मात्र पाणी उताराच्या क्रमाने आलं होतं. सगळ्यात खाली सात नंबर. आमचं नऊ नंबर चार पायऱ्या वर. त्या दिवशी पाणी आमच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं. सात नंबरच्या बाईंच्या स्वयंपाकघरात ते गुडघाभर होतं.

बाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहायच्या. त्यांच्या कुंपणामागे गवताचा मोठा खोलगट खड्डा होता. जोराच्या पावसाचं पाणी त्यात साठावं आणि तळाच्या जाळीतून सावकाश नाल्यात जावं, अशी योजना. हे मला नंतर कळलं. आम्ही पुण्याहून येऊन इथे इंग्लंडात घर केलं तो हिवाळा ओला होता. खड्ड्यात पाणी होतं, बदकं होती. आम्ही त्याला तळं समजलो. मराठी माणसाला घरामागे तळं मिळाल्यावर भाद्रपदात त्याचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

गावातली मराठी कुटुंबं आपापले गणपती घेऊन आमच्याकडे जमली. तीसेक वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आलेले एक डॉक्टरकाका तेवढे नाखूश होते.

"बादलीत करा रे. मी इतकी वर्षं बादलीतच करतोय."

"काय काका, बाप्पाला बादलीत? पेशंटला असं वागवता का?"

"पेशंटला मी पुढच्या वर्षी लवकर या म्हणत नाही."

सगळे हसले आणि पाण्याकडे निघाले. मूर्ती शाडूच्या होत्या, त्या विरघळल्या. नारळ विरघळले नाहीत. लंडनच्या हाउन्सलोहून आणलेले हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले होते. निर्माल्य आम्ही पुण्याच्या सवयीने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, गाठ मारून सोडलं.

पुढच्या महिन्यात सलग दीड दिवस पाऊस पडला. खड्डा भरला, रिकामा होईना, आणि दुपारी चारच्या सुमारास पाणी बाईंच्या कुंपणाखालून आत आलं. मी आणि बायकोने बाईंना दंडाला धरून आमच्या घरी आणलं. पायऱ्या चढताना त्या मागे वळून म्हणाल्या, "दार लावलंत ना?"

सभेत इंजिनिअरने नकाशा दाखवला. खड्डा लहान पडतोय, दुप्पट करावा लागेल. शिवाय जाळी तुंबली होती: कापून टाकलेलं गवत, एक फुटबॉल, पिशव्या आणि "कसली तरी फळं". बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं.

बाई मँचेस्टरला मुलीकडे गेल्या. खड्डा मोठा झाल्याशिवाय मुलगी त्यांना परत पाठवायला तयार नव्हती, आणि बाईंना आपल्या घरी परतण्याखेरीज काही नको होतं. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "खड्डा किती झाला?" मी खिडकीतून बघून सांगायचो. पहिलं वर्ष सांगण्यासारखं काही नव्हतं. कौन्सिल परवानगी मागत होतं, तीही स्वतःकडेच. मग झुडपांत घरटी सापडली आणि पिल्लं उडेपर्यंत काम थांबलं. मग एकदाचा खोदायचा डिगर आला.

"डिगर आला," मी सांगितलं.

"चालू आहे?"

"उभा आहे."

एका रविवारी मी सगळं सांगून टाकलं. मूर्ती, हार, पिशव्या, फळं म्हणजे कसली फळं, सगळं.

"किती नारळ?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"बरं," त्या म्हणाल्या. "आणि खड्डा किती झाला?"

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

फेब्रुवारीत रविवारी फोन आला तो मुलीचा होता. आई बुधवारी गेली, झोपेत, असं ती म्हणाली, आणि इतके दिवस तिच्याशी बोललात म्हणून तिने माझे आभार मानले. फोन ठेवून मी सवयीने खिडकीपाशी गेलो. खड्डा निम्म्याहून जास्त झाला होता.

आमच्याकडे त्या सप्टेंबरात विसर्जन बादलीत झालं. डॉक्टरकाका येताना स्वतःची बादली घेऊन आले.

खड्ड्याचंही उद्घाटन असतं हे मला माहीत नव्हतं. सभेतले तेच सदस्य आता महापौर झाले होते आणि गळ्यात पदाची साखळी घालून आले होते. आता इथला प्रत्येक जण आपल्या घरी निश्चिंत राहील, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या आणि त्यांनी फीत कापली. फितीचं एक टोक नव्या फलकाला बांधलेलं होतं. दुसऱ्या टोकासाठी खांब नव्हता, म्हणून ते सात नंबरच्या मागच्या फाटकाला बांधलं होतं.