पोळ्यांवर बोली लागली नाही

खजिनदारांनी ताट वर धरलं. त्यावर माझ्या आईचं पांढरं फडकं, आणि फडक्याखाली शेंगदाण्याच्या पोळ्या.

"शेंगापोळ्या! वस्तीवरच्या आपल्या बहिणीनं आणलेल्या. बोला, कोण बोलतंय?"

कोणीच बोललं नाही.

शहरातल्या आमच्या चर्चमध्ये दरवर्षी हंगामाचा सण असतो. ज्यानं त्यानं आपल्या कष्टातलं काहीतरी देवापुढं आणायचं, आणि उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. पैसा देवाच्या कामाला जातो, म्हणून लोक मुद्दाम चढवून बोलतात. एकमेकांची खेचतात. एका भोपळ्यासाठी दोन व्याही भांडल्याचं सोंग करतात. त्या दिवशीही असंच चाललं होतं. कुणाच्या तरी केकवर नुकतीच चढाओढ झाली होती. मग आईचं ताट वर आलं आणि आवार गप्प झालं. एकजण मोबाईल बघायला लागला. एका बाईनं उगाच पोराचं नाक पुसलं.

खजिनदारांनी पुन्हा विचारलं. तेव्हा पहिल्या रांगेतून मोठ्या बाई बोलल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळीतलं जुनं घराणं, त्यांच्याशिवाय तिथं पान हलत नाही.

"अहो, यंदा त्यांनी कोंबडी नाही का आणली? तिचं बोला की."

लोक हसले. अडचणीतून सुटल्यासारखे हसले.

मग चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब उठले. "या पोळ्या आपण गरिबांसाठी ठेवू," म्हणाले. ताट टेबलाखाली गेलं आणि वर लोणच्याची बरणी आली. तिच्यावर लगेच बोली लागली.

आई माझ्या शेजारी उभी होती. ठेवणीतलं पातळ नेसून. "चालतंय की," ती म्हणाली. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

निघताना खजिनदारांनी ताट आमच्याच हातात दिलं. "घरी न्या. पोरं खातील." गरीब म्हणजे कोण, ते तेव्हा कळलं.

वडापच्या, माणसं कोंबलेल्या जीपमध्ये आईनं ताट मांडीवर धरलं होतं. मग म्हणाली, "गूळ जास्त झाला आसंल गं."

मी फडकं बाजूला केलं आणि एक पोळी मोडून खाल्ली. गूळ बरोबर होता. सगळं बरोबर होतं. आईनं आदल्या दिवशी दाणे भाजले होते, एकेक निवडून. आजवर तिनं कच्चंच नेलेलं. कोंबडी, अंडी, घेवडा, बाजरी. मी सांगलीला दवाखान्यात नर्स म्हणून लागले, त्याच्या आनंदात यंदा पहिल्यांदा तिनं काही शिजवून नेलं होतं. आणि ती गुळाचं प्रमाण शोधत बसली होती.

आमच्या कोंबडीवर तर दरवर्षी तुटून पडायचे सगळे. गावरान म्हणून. मोठ्या बाईंनीच कितीदा नेली. घेवडा आमच्या हातचा चालायचा, कारण तो त्यांच्या चुलीवर शिजायचा. आमच्या चुलीवरचं चालत नव्हतं. हा कायदा मला नवा नव्हता. गावात मांगवाड्यातल्या पोरीला तो शिकवावा लागत नाही. बागायतदाराच्या शेतात आईनं खुडलेली भाजी त्यांच्या घरात जायची, आईला मात्र चहा ओट्याच्या कडेला, कान तुटलेल्या कपात. पण हा कायदा चर्चच्या फाटकाबाहेर राहतो, असं आम्ही धरून चाललो होतो. मोठ्या बाईंचा पणजाही अशाच एका वस्तीतून मिशनच्या बंगल्यावर घोडी राखायला गेला होता, हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. तेवढं कोणी काढत नाही.

पाळकसाहेब पहिल्यांदा वस्तीवर आले, तेव्हा मी शाळेत होते. बाप इस्लामपूरकडं ऊसतोडीला गेलेला, आई तापानं पडलेली. साहेब गाण्याची पेटी घेऊन आले, आमच्या फाटक्या चटईवर बसले, आईच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. वस्तीबाहेरच्या माणसानं आपल्या आईला हात लावलेला मी तोवर पाहिला नव्हता. आई रडली. मीही रडले. ते खोटं होतं असं मी आजही म्हणत नाही. पुढं नर्सिंगला त्यांनीच मला घातलं. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच बोलायला जड जातं.

पण वस्तीवर आले की साहेबांचा उपास असायचा. नेहमी. आई चहा ठेवायची, ते हात जोडायचे. "आज उपास आहे, बहिणी." आई घरोघर सांगत फिरायची, साहेब लय उपास करत्यात, देवमाणूस हाय. एकदा प्रार्थनेनंतर मी वह्या आणायला वडूजला गेले, तर साहेब स्टँडवर भजी खात होते. मी लहान होते. वाटलं, उपास सुटला असेल.

पोळ्या परत आल्यानंतरच्या महिन्यात वस्तीवर प्रार्थना होती. मी सुट्टी काढून आले. सकाळी स्वतः पोळ्या लाटल्या. आमच्या अंगणात सगळी वस्ती जमली. साहेबांनी पेटी उघडली आणि मी ताट घेऊन पुढं झाले.

"आज उपास आहे माझा, मुली."

"कवा सुटतो, साहेब?"

"संध्याकाळी."

"मग बसा संध्याकाळपत्तर. आमी बी बसतो."

आईनं मागून माझा दंड धरला. मी थांबले नाही. "वडूजच्या स्टँडवर सुटतो तुमचा उपास. मी बघितलाय."

साहेबांचा चेहरा उतरला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला नर्सिंगला कोणी घातलं, विसरलीस?"

मी ताट खाली घेतलं नाही. "न्हाई इसरले. म्हनून तर तुमच्यासाठी ताट घिऊन हुबी हाय."

आई पुढं आली आणि माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. मला वाटलं, आता आत नेऊन ठेवणार, साहेबांची माफी मागणार. तिनं ते पेटीशेजारी, त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"आवं साहेब," ती म्हणाली, "येशूला बोलवलं की तो जेवायला बसायचा. जकातदाराच्या घरी बी बसला. तुमीच वाचून दाखवलंय."

साहेब ताटाकडं बघत राहिले. एक पोळी उचलतील असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. उचलावी असं मनापासून वाटत होतं. त्यांनी पेटीचा भाता लावला. "पुढं एक सभा आहे," म्हणाले आणि गेले. त्यांची गाडी दिसेनाशी होईस्तोवर कोणी उठलं नाही. मग प्रार्थना आईनं सांगितली, अडखळत, आणि ताट अंगणात फिरलं.

आई गुळाचं पुन्हा कधी बोलली नाही.

हंगामाचा सण परत आला आहे. परवा मोठ्या बाईंचा आईला फोन आला. "यंदा कोंबडी आणाल ना?"

"न्हाई बाई," आई म्हणाली. "शिजवून आनतो."

वस्तीवर बसून ठरलं आहे. आमच्याकडून कोंबडी जाणार नाही. अंडं नाही, घेवड्याचा दाणा नाही. कच्चं काहीच नाही. घराघरातून शिजवलेलं जाईल. चर्च आम्ही सोडणार नाही, कारण ते मोठ्या बाईंच्या बापाचं नाही. खजिनदारांनी एकेक ताट वर धरावं. बोली लावायची तर लावा. नसेल लावायची, तर का नाही ते देवापुढं उभं राहून, तोंडानं सांगा. गरिबांसाठी म्हणून एकही ताट टेबलाखाली जाणार नाही. टेबलापाशी मी उभी असेन.