संक्रांतीच्या साडीचा ड्रेस

पल्लवी गेली त्या सकाळी शालनमावशीचा, तिच्या आईचा, फोन आला. "ये गो," एवढंच म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कुणीतरी रडत होतं... मी लालबागला पोचेपर्यंत चाळीच्या जिन्यात चपलांचा ढीग पडला होता. पल्लवी माझी बालमैत्रीण, एकाच मजल्यावर वाढलेल्या आम्ही. तिच्याबद्दल लिही, असं सगळे सांगतात. पण लिहायला बसलं की तिचा तो काळा ड्रेसच डोळ्यांपुढे येतो आणि हात चालत नाही.

परळच्या एका टॉवरमध्ये तिला पहिली नोकरी लागली आणि लगेच ऑफिसची डान्स पार्टी आली. सगळ्यांनी काळं घालून यायचं! मावशीच्या घरात काळं म्हणजे फक्त संक्रांतीला. पल्लवीच्या कपाटात काळा रुमालसुद्धा नव्हता. मग या बाईसाहेबांनी काय करावं? आईची लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची काळी साडी, चंद्रकळा, ट्रंकेतून काढली आणि करी रोडच्या आमच्या ब्लाउजवाल्या टेलरकडे नेऊन टाकली. त्या बिचाऱ्याने जन्मात पार्टीचा ड्रेस शिवला नव्हता. येत होतं तेच त्याने केलं. पाठीवर ब्लाउजसारखे हूक, वर दोरी, दोरीला लोंबते गोंडे. साडीचा लाल काठ खाली घेराला आला. ऑफिसातल्या मुली विचारायला लागल्या, "कुठल्या डिझायनरचा गं?" ही ऐटीत म्हणाली, "आमचा फॅमिली डिझायनर आहे."

मावशी मात्र पेटली. तिने बोलणंच टाकलं. पण पाठीचे हूक पल्लवीला एकटीला लागायचे नाहीत. पुढच्या पार्टीला मी तिला न्यायला गेले, तर ही आईकडे उघडी पाठ करून मुकाट उभी. मावशीने पोळपाट बाजूला सारला, हात पुसले आणि एकेक हूक लावला.

"पदर असता तर अंगाला टोचला असता काय गो?"

"पदर घेऊन गिरकी कशी घेऊ, आई?"

आणि तिथेच, भांड्यांच्या मांडणीसमोर, तिने गिरकी घेऊन दाखवली. मावशीला हसू आवरेना. त्यानंतर नाचायला जायचं म्हणजे आधी आईकडे पाठ करून उभं राहायचं, असा शिरस्ताच पडला.

मग पल्लवीचं आजारपण आलं... उपचारांनी ती वाळत गेली. पण जरा बरं वाटलं की संध्याकाळी तिला कुठेतरी अनोळखी लोकांत नाचायला जायचंच असे, आणि तेही त्याच ड्रेसमध्ये. "तिथे मला कुणी तब्येत विचारत नाही गं. ड्रेस कुठून घेतला, ते विचारतात." मी चिडायचे, मावशी नाही. ड्रेस सैल झाला की ती सुईदोरा घेऊन बसे. पुन्हा सैल झाला की पुन्हा बसे. शेवटी शेवटी तर पल्लवी खुर्चीत बसूनच एखाद्या गाण्यावर खांदे हलवायची आणि तेवढ्यानेच दमायची. पण ती सुंदर दिसायची. फार सुंदर दिसायची, हे मला इथे लिहायचंच आहे.

परवा मावशीने बोलावलं. ड्रेस मांडीवर होता. "तू ने गो. ट्रंकेत टाकवत नाही." मी तो अंगाला लावून पाहिला. माझ्या निम्म्या अंगालाही येईना.

"उसवून देते ना," मावशी म्हणाली आणि तिने ड्रेस उलटा केला. "कापलं नाही मी कुठे. सगळं आत दुमडलंय. परत अंग धरील, तेव्हा सोडता येईल म्हणून..."

आत शिवणीशेजारी शिवण होती, प्रत्येक आधीच्या शिवणीहून आत सरकलेली. मावशीने कात्रीचं टोक घातलं, एक टाका तोडला आणि थांबली.

"दर वेळी मीच तिला बारीक करत गेले गो."

मी तिच्या हातातली कात्री काढून घेतली. म्हटलं, "राहू दे, मावशी." मग तुटलेला टाका परत घालायला आम्ही दोरा ओवायला बसलो. दोघींनाही सुईचं नेढं दिसेना.